भिंतीवरचं शेत आणि प्लॉटवरचं शेत



मागल्या महिन्यात मी चोवीस दिवस पाड्यावर नव्हतो. कुठे गेलेलो, कशाला गेलेलो, यावर बरीच बोलणी झाली. "मोर्चाला पोरगा नाय आणि विमानात बसतो," असंही कोणी बोललं. ते बोलणं चुकीचं नाही, म्हणून इथे लिहून टाकतो.

माझा काका चित्रं काढतो. जर्मनीतल्या एका शहरात त्याच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. काकाला सही येते, तेवढंच. सोबत मदतनीस पाहिजे होता. मी बारावी शिकलेला, म्हणून मला नेलं. माझं काम पेट्या उघडायचं, चित्रं मोजून घ्यायचं, टांगायला हात द्यायचं. एक मोठी भिंत काका तिथेच रंगवणार होता, तिच्यासाठी गेरू कालवायचं कामही माझंच.

आधी पासपोर्टचं सांगतो. पोलीस पाड्यावर आला, पाटलाला विचारलं, पाच मिनिटांत लिहून गेला की हा इथलाच राहणारा. दीड महिन्यात पासपोर्ट हातात. आमच्या बाबांचा वनहक्काचा दावा मात्र चार वर्षं फिरतोय. ग्रामसभेने मंजूर केला, वनहक्क समितीने बांध, विहीर, आंब्याची झाडं सगळं पाहून पंचनामा केला. तरी वरचे विचारतात, तुम्ही इथलेच कशावरून? मी परदेशात जायला इथला आहे, पण नांगर धरायला इथला नाही.

तिथे पोचल्यावर विमानतळावर पिशवी उघडली. आम्ही सुकवलेल्या शेणाची भुकटी नेलेली, सारवायला. ती काढून घेतली, वारुळाची मातीही काढून घेतली. परक्या देशातली माती आणि शेण आत चालत नाही म्हणे. तांदळाचं पीठ, डिंक, बांबूच्या काड्या वाचल्या. मग तिथल्या दुकानातून तांबडा रंग आणला. काकाने बोट लावून पाहिलं आणि बोलला, "ही भिंत श्वास नाय घेत."

पेट्या उघडताना आम्हाला पांढरे हातमोजे दिले. घामाचा डाग पडू नये म्हणून. काका हसायला लागला. ज्या बोटांनी चित्र काढलं त्याच बोटांनी आता शिवायचं नाही. पण खरं सांगतो, ती माणसं कामाची होती. एक चित्र टांगायला दोघं, एक मोजणार, एक पातळी बघणार, घाई नाही. जेवायची सुट्टी ठरलेली, सुट्टीत कोणी कोणाला हाक मारत नाही. आपल्याकडच्या वीटभट्टीच्या मुकादमाला तिथे नेऊन आठ दिवस बसवायला पाहिजे.

चित्राखाली चिठ्ठी लावायची असते. काकाचं नाव, वर्ष, आणि मालक कोण ते. बऱ्याच चित्रांचा मालक मुंबईचा, काहींचा तिकडचाच. पाड्याचं नाव चुकीचं छापलेलं, ते मी बदलून घेतलं. दोन चित्रांत अर्धं काम काकीचं आहे. सगळे बारीक ठिपके आणि लग्नचौकाची किनार तिची. तिचं नाव कुठेच नव्हतं. चौक तर आपल्यात बायकांनीच काढायचा, सवाशिणींनी, आणि धवलेरीने गायचं. बाजारात चित्र गेलं तशी चिठ्ठीवर बाप्यांची नावं आली. मी काकाला विचारलं तर तो गप्प बसला, मग बोलला, लिहून घे. लिहून घेतलं. हे मला तिकडे जाऊन सुचलं याची लाज वाटते, इतकी वर्षं घरात बघत होतो.

भिंतीवर काकाने तारपा काढला, नाच काढला, भाताची खळी काढली. आणि एका कोपऱ्यात जीप, दांडकेवाला गार्ड, आणि मोडलेली झोपडी. बघायला आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने गार्डकडे बोट दाखवून मला विचारलं, हा कोणता देव? मला तोडक्या इंग्रजीत सांगायला दहा मिनिटं लागली. ऐकून ती गप्प झाली. मग बोलली, पण बाकीचं किती शांत आहे. तिचा दोष नाही. चित्रात आपण सगळे गोल नाचताना दिसतो, त्यामुळे लोकांना वाटतं आपलं सगळं ठीक चाललंय.

संघटनेत काही जाणते साथी म्हणतात, ही सगळी भुलवणी आहे, पोरांनी जाऊ नये. मला ते पटत नाही. कुडाच्या भिंतीवरची विद्या आहे, तिच्यावर घर चालत असेल तर चालू दे. पण नुसता अभिमान धरून बसणंही मला पटत नाही. गंजाडच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे आपल्यातले सगळ्यात मोठे. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री, चित्रं देशोदेशी. त्या पहिल्या पुरस्काराच्या वेळी त्यांना जमीन देऊ असा शब्द मिळाला होता. तो पुरा व्हायला तीस वर्षांच्या वर गेली. एवढ्या माणसाची ही गत, तर आपल्या अर्जाचं काय ते समजा.

दुसरं नाव मध्य प्रदेशातल्या पाटणगडचे परधान गोंड चित्रकार जनगड सिंह श्याम. भोपाळच्या भारत भवनात त्यांचं नाव झालं. २००१ साली ते जपानच्या एका संग्रहालयात चित्रं काढायला गेले आणि तिथेच त्यांनी जीव दिला. वय चाळिशीच्या आत. मुक्काम लांबला होता, त्यांना घरी यायचं होतं, असं तेव्हा छापून आलं.  हे काकाला मी जायच्या आधीच सांगितलेलं, म्हणून तो मदतनीसाशिवाय जाणार नाही यावर अडून बसला.

म्हणून माझं म्हणणं असं. कोणाला बोलावणं आलं तर करारनामा पाड्यावर वाचून घ्या, दाव्याचे कागद वाचतो तसाच, सगळ्यांसमोर. आमच्या करारात परतीची तारीख आयोजकाच्या सोयीने असं लिहिलेलं. मी ती ओळ वाचली, विचारलं, त्यांनी काढून टाकली आणि तारीख घातली. विचारलं नसतं तर ती राहिली असती. मदतनीसाचा रोज किती तेही लिहून घ्या. माझा पहिल्यांदा लिहिलाच नव्हता, नातेवाईक म्हणून फुकट धरलेला. पासपोर्ट आपल्याच पिशवीत ठेवा, कोणी सांभाळतो म्हणाला तरी. भिंत रंगवली तर तिचा फोटो कोण कुठे छापणार तेही विचारा. आमची भिंत प्रदर्शन संपल्यावर पांढरी करणार आहेत. मला वाईट वाटलं, काकाला नाही. पावसात आपली भिंतही जातेच, बोलला.

आता घरचं. मी गेल्यावर तिसऱ्या दिवशी बाबांना पत्र आलं. अडीच एकराच्या दाव्यावर चौदा गुंठे मंजूर, बाकी नामंजूर, कारण लिहिलेलं नाही. बाबांना वाचता येत नाही, त्यांनी ते आढ्याला खोचून ठेवलं. आय बोलली, पोरगा आल्यावर बघेल. अपिलाला साठ दिवस असतात. मी आलो तेव्हा निर्णयाच्या तारखेपासून चव्वेचाळीस गेलेले. सोळा दिवसांत दंडाच्या जुन्या पावत्या शोधल्या, शेजारच्या पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले, बांधांचा नकाशा काढला. नकाशा काकाने काढला, बांबूच्या काडीने. विहीर, आंबे, वाघदेवाचा दगड, सगळं जागच्या जागी. सत्तावन्नाव्या दिवशी अपील जिल्ह्याला दिलं आणि पोच घेतली. तिथला कारकून नकाशा बघून बोलला, वा, वारली पेंटिंग.

ज्यांना अशी पत्रं आलीत त्यांनी ती आढ्यावरून काढावी आणि रविवारी बैठकीला घेऊन यावी. पाकीट टाकू नका, त्यावर तारखेचा शिक्का असतो.