माहूरचा आकडा खोडू नका

साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण काढण्याचा प्रयोग तुम्हांला ठाऊक असेल. या प्रयोगाच्या वह्या तपासताना एक गंमत दिसते. लंबक वेगवेगळे, मोजणारे हात वेगवेगळे, उत्तर मात्र साऱ्या वर्गाचे एकच : 981! ज्याचे 975 आले, त्याने ते खोडून शेजाऱ्याचे उतरवलेले असते. चारचौघांत वेगळे दिसायची भीती, दुसरे काय?

पण 981 हा आकडा माहूरचा नाहीच. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते. त्यामुळे समुद्रसपाटीला गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर सुमारे 978.0, तर ध्रुवांवर 983.2 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग भरते. माहूर सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथील मूल्य 978.5 च्या आसपास येते. म्हणजे ज्याने नीट मोजून 978 मिळवले आणि पुस्तकाला भिऊन 981 लिहिले, त्याने बरोबर उत्तरच पुसले!

मोठेही या भीतीतून सुटत नाहीत. मिलिकन यांनी 1913 साली प्रसिद्ध केलेला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार थोडा कमी होता, कारण हवेच्या श्यानतेचा आकडा चुकीचा घेतला होता. पुढच्या संशोधकांची उत्तरे एकदम न सुधारता हळूहळूच वर सरकली, असे फाइनमन यांनी 1974 साली सांगितले. उत्तर मिलिकनपेक्षा फार वेगळे आले की ते स्वतःची चूक शोधत. जवळपास आले की शोधत नसत.

याउलट कोल्हापूरला जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर पाहा. महास्फोटाची कल्पना बहुतेक शास्त्रज्ञांनी स्वीकारली. 1965 साली सापडलेले सूक्ष्मलहरींचे पार्श्वप्रारण तिचा मोठा पुरावा मानले जाते. तरी नारळीकर अनेक दशके तिच्यावर शंका घेत राहिले. मात्र गणित मांडून, निरीक्षणांचा हवाला देऊन.

वेगळे म्हणजे बरोबर, असे नव्हे. उत्तर 940 आले तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली का, आंदोलने नीट मोजली का, ते तपासा. चूक सापडली तर पुन्हा मोजा. न सापडली तर आकडा तसाच राहू द्या. शिक्षकांनीही अशा आकड्याचे गुण कापण्याआधी विचारावे, "कसे मोजलेस?"

आज आकडा खोडणारा हात उद्या स्वतःची शंका, स्वतःची आवडही खोडू लागतो. स्वतः मोजण्यातला आनंद उसन्या 981 मध्ये नाही. तो एकदा घेऊन तर पाहा!