थंडी वाजायची थांबली तर घाबरा

आम्ही सावलीची माणसं. आमची थंडी म्हणजे उत्तरायणला सकाळी गच्चीवर स्वेटर घालायचा, दहाला काढायचा. म्हणून थंडी आपण हसण्यावारी नेतो.

निवृत्तीनंतर २०११ साली केदारनाथला निघालो. रामबाड्याच्या वर पाऊस लागला, सगळे भिजलो. मेव्हणे मागे पडू लागले, ठेचकाळत होते, जीभ जड झाली होती. मी म्हटलं, "अहो, नाटकं नकोत, चला!" थोड्या वेळानं म्हणाले, "आता थंडी वाजत नाही." मला वाटलं, बरं झालं.

टपरीवरच्या चहावाल्यानं मात्र ओळखलं. ओले कपडे उतरवले, खाली घोंगडी घातली, ब्लँकेटात गुंडाळलं. शुद्ध आहे पाहून गरम गोड चहा घोट घोट पाजला. वाचले.

याला हायपोथर्मिया म्हणतात. अंगाचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की तो सुरू होतो. कापरं आपोआप थांबलं, तर अंगातली ताकद संपत आली समजा. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. आधी छाती-पोटाला ऊब द्या आणि डॉक्टर गाठा.

ऑगस्ट १९९६मध्ये अमरनाथच्या वाटेवर बर्फवादळात २००हून जास्त यात्रेकरू गेले. माझं स्पष्ट मत आहे, यात्रेला निघताना थेपले-चिवड्याच्या आधी कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. सोबत्यावर लक्ष ठेवा, कारण गारठलेल्याला स्वतःचं कळत नाही. त्याला हिंमत शिकवू नका. मी शिकवली होती.