बायांचा संसार

महर्षी कर्व्यांचे कार्य सर्वांना ठाऊक आहे. त्यामागचा संसार कोणी रेटला, हे फारसे सांगितले जात नाही. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे बालविधवा होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. १८९३ साली कर्व्यांशी पुनर्विवाह झाला आणि कर्व्यांच्या मुरुड गावाने जोडप्याला वाळीत टाकले. सासरच्या लोकांना त्यांना घरात घेण्याची चोरी झाली. पुढे नवऱ्याची मिळकत त्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमाकडे वळू लागली, तेव्हा पोरांच्या पोटाची काळजी बायांनी वाहिली. वर त्याच आश्रमासाठी वर्गणी मागत त्या दारोदार फिरल्या. १९५० साली, पंचाऐंशीच्या घरात, त्या गेल्या. ‘माझे पुराण’ हे आत्मचरित्र मात्र मागे ठेवून. तुमच्या घरातल्या आजीचे पुराणही लिहून आमच्याकडे पाठवा.

– संपादक