काचपेटी सजवा, पण नदीतले दगड नकोत

काचपेटीतले भडक निळे-गुलाबी खडे आणि प्लास्टिकचे किल्ले नकोसे होऊन अनेक मत्स्यपालक आता खरा दगड, खरे लाकूड, खरी वनस्पती शोधतात. ही आवड चांगलीच आहे. मात्र त्यासाठी कर्जत-खालापुरात उल्हास, पेज किंवा पाताळगंगेच्या पात्रातले गोटे पिशवीत भरणे चुकीचे आहे. निसर्गात सापडलेली वस्तू माशांना निर्धोक असतेच असे नाही, आणि निर्धोक सजावटीसाठी नदीला हात लावायची गरजही नाही. इथला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. तो पाण्यात सहसा विरघळत नाही, म्हणून पेटीसाठी उत्तम. पण त्याच्या पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइटचे पांढरे स्फटिक असतात. त्यातून चुना पाण्यात उतरतो आणि पाणी जड व अल्कधर्मी होत जाते. शंखशिंपल्यांचेही तेच. काही आफ्रिकी माशांना असे पाणी मानवते. मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राला नाही. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून बुडबुडे आले, तर तो बाजूला ठेवावा. मात्र ही चाचणी चुना ओळखते, रसायने नाही. खोपोली-रसायनीच्या कारखानदारी पट्ट्यातून वाहणाऱ्या पाण्यातला सच्छिद्र दगड म्हणूनच टाळलेला बरा.

‘दोन गोट्यांनी नदीचे काय बिघडणार?’ असे कोणी विचारेल. एकाने नेले तर फारसे नाही. पण शनिवार-रविवारी या नद्यांवर येणारा माणूस एकटा नसतो. त्या गोट्यांखाली जलकीटकांच्या अळ्या वाढतात, लहान मासे आसरा घेतात. नदीऐवजी खाणीतला दगड घ्यावा, तर खाणीही डोंगर पोखरतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय म्हणजे बांधकामातून उरलेली, सिमेंट न लागलेली खडी. ती घासून, भिजवून वापरावी. उकळू नये, कारण आत अडकलेल्या ओलाव्याने दगड फुटू शकतो. जोडीला झिलई नसलेले मातीचे मडके, स्वच्छ उकळलेली करवंटी आणि दुकानातून आणलेली पाणवनस्पती घेतली, तर माशांना लपायला जागा मिळते आणि पेटी नैसर्गिकही दिसते. दगड विकत घ्यायचाच असेल, तर तो कुठून आणला हे दुकानदाराला विचारावे. ग्राहक हा प्रश्न आग्रहाने विचारू लागले, तर नदीतला माल विकणे दुकानदारालाही अवघड होईल.