सकस आहाराचा हिशेब

गेल्या वर्षी टायफॉइडने मला महिनाभर अंथरुणाला खिळवले. बरा होऊन पुन्हा मैदानावर गेलो, तर दोन फेऱ्यांतच धाप लागली. मित्रांनी एकमुखाने सल्ला दिला, “प्रोटीन पावडरचा डबा घे!” किंमत ऐकून मी गप्प बसलो. आईने मात्र निमूटपणे धाकट्या बहिणीच्या वाटचे दूध माझ्या पेल्यात ओतायला सुरुवात केली, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

ताकद काय डब्यातच असते? १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. भाकरीबरोबर मटकीची उसळ खाल्ली, की धान्यातली उणीव कडधान्य भरून काढते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. आपण मात्र भाकरीला अजून गरिबीची खूण समजतो!

पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. भाकऱ्या थापणारे हात आईचे, आणि सर्वांची जेवणे झाल्यावर तिच्या पानात उरतो तो नुसता रस्सा. म्हणून आता मटकी मी भिजत घालतो, मोडही मीच काढतो आणि आईला आमच्याच पंगतीला बसवतो. बहिणीचे दूध बहिणीला मिळते. परवा माझ्या सहा फेऱ्या झाल्या.

एकाचे शरीर कमावताना घरातल्या दुसऱ्याचे झिजू नये. एवढा हिशेब जमला, तरच त्या आहाराला सकस म्हणावे.