एक आडोसा हवा!

वेंगुर्ल्याचा समुद्र कुणाला आवडत नाही? पण सागरेश्वरला किंवा शिरोडा-वेळागरला गेलात की एकदा नीट बघा. मुलगे शर्ट काढून सरळ पाण्यात! बायका मात्र साडी सावरत घोट्यापर्यंत, हातात घरातल्या सगळ्यांच्या चपला. लोक म्हणतात, "त्यांना आवडतच नाही भिजायला." आवडत नाही कसं? भिजल्यावर बदलायचं कुठे, हा प्रश्न असतो. मग सुरूच्या बनात दोघी ओढणी धरतात, तिसरी घाईघाईत कपडे बदलते. नाहीतर ओल्या अंगानेच एसटी गाठायची.

हा प्रश्न काही आजचा नाही. 18 व्या शतकात इंग्लंडमध्ये त्यासाठी चक्क 'बेदिंग मशीन' निघालं. म्हणजे चाकांवरची लाकडी खोली. आत कपडे बदलायचे, तोवर घोडा ती पाण्यात ओढून नेई. समुद्राकडचं दार उघडलं की थेट लाटांत! राणी व्हिक्टोरिया 1847 मध्ये अशाच गाडीतून पहिल्यांदा समुद्रात उतरली. पुढे 20 व्या शतकाच्या सुरुवातीला स्त्री-पुरुष एकत्र पोहू लागले. मग घोडे गेले, चाकं गेली आणि किनाऱ्यावर साधे तंबू नि छोट्या खोल्या आल्या. आडोसा मात्र राहिला, कारण खरी गरज त्याचीच होती.

आपला सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला. हॉटेलं आली, वॉटर स्पोर्ट्स आले. पण तंबूचा विषय काढला की सीआरझेडकडे बोट दाखवतात. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेतच ग्रामीण किनाऱ्यांवर भरतीरेषेपासून किमान 10 मीटर सोडून तात्पुरत्या चेंजिंग रूम, शॉवर आणि स्वच्छतागृहांची तरतूद आहे. मग अडतं कुठे?

तंबूला लागतं तरी काय? चार पाइप, आरपार न दिसणारं जाड कापड, आतून कडी आणि वरून बंद छत. हल्ली प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो, म्हणून छत हवंच. पावसाळ्याआधी सगळं उचलून ठेवता आलं पाहिजे. शेजारी गोड्या पाण्याची टाकी हवी. देखरेख गावातल्या महिला बचत गटाकडे द्यावी आणि थोडे पैसे घ्यावेत. फुकट ठेवून घाण झालेल्या खोलीपेक्षा ते बरं!

फायनल इयरला आपण रोबोट बनवतोच. यंदा एखाद्या ग्रुपने हा तंबू बनवून ग्रामपंचायतीला द्यावा. चपला सांभाळणाऱ्या आयांना एकदा तरी मनसोक्त डुंबू दे की!