आरोग्यसेवेतील फेरबदल आणि लोकप्रतिनिधींची देखरेख

आमच्या एका सभासद वैद्यबंधूंनी नुकतीच सांगितलेली हकिगत प्रारंभी नमूद करणे आवश्यक वाटते. एका आडगावात जिल्हा परिषदेचा आयुर्वेदिक दवाखाना कित्येक वर्षे चालू होता. तेथील वैद्यांना प्रथम आठवड्यातून तीन दिवस तालुक्याच्या ठिकाणी प्रतिनियुक्तीवर बोलावण्यात आले, पुढे सहाही दिवस. औषधांचा पुरवठा हळूहळू थांबला आणि एके दिवशी दाराला कुलूप लागले. ग्रामसभेत कोणीतरी विचारणा केली, तेव्हा दप्तरात त्याबाबत एकही कागद सापडला नाही. दवाखाना बंद करण्याचा आदेश कोणी काढलाच नव्हता! संधिवाताने जखडलेल्या वृद्धांनी मात्र तेलाची रिकामी बाटली घेऊन बारा किलोमीटर जायचे की घरीच बसायचे, याचा निर्णय आपापला घेतला होता.

ही केवळ एका गावाची कथा नाही. सार्वजनिक आरोग्यसेवेतील बदल बहुधा असेच घडतात. पद रिक्त राहते, कर्मचारी अन्यत्र वळवला जातो, आणि कोणतीही घोषणा न होता सेवा संपते. अशा बदलांची तपासणी कोणी करावयाची, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ सालचा. त्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि त्यांच्या विषय समित्यांमध्ये आरोग्य समिती व समाजकल्याण समिती यांना स्थान मिळाले. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे व दवाखाने यांसह आरोग्य आणि स्वच्छता, तसेच समाजकल्याण यांचा स्पष्ट उल्लेख झाला. म्हणजे गावाच्या आरोग्याची चिंता गावाने निवडून दिलेल्या माणसांनी वाहावी, ही अपेक्षा नवी नाही.

व्यवहार मात्र निराळा आहे. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाच्या यंत्रणेकडे. त्यामुळे समितीची नजर ग्रामीण रुग्णालयाच्या फाटकापाशी थांबते. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आल्यापासून कंत्राटी मनुष्यबळ व निधी यांचा मोठा भाग अभियानाच्या वाटेने येऊ लागला, आणि ‘हा आपल्या अखत्यारीतील विषय नव्हे’ अशी सदस्यांची समजूत झाली. आरोग्य समिती एका दालनात बसते, समाजकल्याण समिती दुसऱ्या. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला वृद्ध या दोन दालनांच्या मधल्या बोळात पडून राहतो. त्याला औषधही हवे आणि परिचारकही हवा, पण दोहोंचा एकत्रित विचार कोठेही होत नाही.

त्यातच २०२२ च्या मार्च महिन्यात राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचे निर्देश दिल्यानंतरच ती प्रक्रिया पुढे सरकली. ज्या वर्षांत देशभरातील आरोग्यवर्धिनी केंद्रांचे ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असे नामांतर झाले आणि उपकेंद्रांचे स्वरूप पालटत राहिले, नेमक्या त्याच वर्षांत या जिल्ह्यांत प्रश्न विचारणारी समितीच अस्तित्वात नव्हती. प्रशासक कार्यक्षम असतीलही. परंतु बदल करणारा आणि त्या बदलाची तपासणी करणारा एकच असेल, तर तपासणी झाली असे म्हणता येत नाही.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. तेथे २००१ च्या कायद्याने स्थानिक कौन्सिलांना आरोग्यसेवेची छाननी करण्याचा अधिकार मिळाला. सेवेत मोठा बदल करण्यापूर्वी आरोग्य यंत्रणेने कौन्सिलच्या छाननी समितीशी विचारविनिमय करणे बंधनकारक झाले, आणि समाधान न झाल्यास प्रकरण आरोग्यमंत्र्यांकडे पाठवण्याची मुभा समितीला होती. ३१ जानेवारी २०२४ पासून ही मुभा काढून घेण्यात आली. मंत्र्यांनाच हस्तक्षेपाचा थेट अधिकार देण्यात आला. विचारविनिमयाचे बंधन मात्र टिकून आहे. तात्पर्य, देखरेखीचा हक्क एकदा मिळाला म्हणजे कायमचा राहतोच असे नाही; तो वापरून जागता ठेवावा लागतो.

आपल्याकडेही जागरूकतेचे उदाहरण आहे. २००७ साली अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी आपल्या केंद्राचे प्रगतिपुस्तक तयार केले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. सामान्य माणसाला यातले काय कळते, या आक्षेपाला मिळालेले हे कृतीतील उत्तर होय.

आयुर्वेदाला तर हा विचार मुळीच परका नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगताना आतुराच्या गुणांत स्मृती व निर्देशकारित्व यांच्या जोडीला अभीरुत्व आणि ज्ञापकत्व यांची गणना केली आहे. रोगी निर्भय असावा आणि आपली व्यथा सांगू शकणारा असावा. जे एका रुग्णाच्या बाबतीत खरे, ते गावाच्या बाबतीतही खरे. आरोग्य समिती व ग्रामसभा ही गावाची ज्ञापकत्वाची साधने आहेत. ती मुकी झाली, तर उरलेले तीन पाद कितीही सुदृढ असले तरी चिकित्सा लंगडीच राहणार. जनपदोद्ध्वंसाची मीमांसा करतानाही आत्रेयांनी वायू, जल, देश व काल यांच्या दुष्टीचे मूळ अधर्मात दाखवले आणि त्या अधर्माचा आरंभ देश-नगरांच्या प्रमुखांपासून होतो असे प्रतिपादिले, हे आपण सारे जाणतोच.

देखरेख म्हणजे हस्तक्षेप नव्हे, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. बदल्यांसाठी शिफारशी करणे, एखाद्या कर्मचाऱ्यास धाकात ठेवणे किंवा औषधयोजनेत लुडबुड करणे हे समितीचे काम नाही. या अनुभवाने पोळलेले अनेक वैद्य लोकप्रतिनिधींपासून चार हात दूर राहतात. त्यांची नाराजी आम्ही समजू शकतो. पण गैरवापर होतो म्हणून अधिकारच नको, हा उपाय रोगापेक्षा घातक ठरेल.

आमच्या मते मागणी साधी असावी. दवाखाना हलवणे, बंद करणे, वेळ कमी करणे किंवा वैद्यास दीर्घकाळ अन्यत्र पाठवणे यांपैकी काहीही करण्यापूर्वी आरोग्य समितीपुढे लेखी टिपणी ठेवली जावी. किती रुग्णांवर परिणाम होईल, पर्यायी केंद्र किती अंतरावर आहे, एसटीची सोय आहे की नाही, वृद्ध व दिव्यांगांचे काय, याची उत्तरे त्या टिपणीत असावीत. ती ग्रामसभेत वाचून दाखवली जावी आणि सहा महिन्यांनी परिणामांचा आढावा घेतला जावा. अशा विषयांवर आरोग्य व समाजकल्याण समित्यांची बैठक एकत्र व्हावी.

शेवटी थोडे आत्मपरीक्षण. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांवर आयुर्वेद पदवीधरांची नेमणूक होऊ लागली, तेव्हा मानधन व सेवाशर्ती यांसाठी आपण निवेदने दिली. ते योग्यच होते. परंतु उपकेंद्रात आयुर्वेदिक औषधे नाहीत, रुग्णांना ती मिळत नाहीत, यासाठी आपल्यापैकी किती जण ग्रामसभेत उभे राहिले? प्रारंभी सांगितलेल्या गावातील कुलूप आपल्याच बांधवांच्या दवाखान्याला लागले होते, आणि त्याची पहिली विचारणा एका शेतकऱ्याने केली, वैद्याने नव्हे.

म्हणून सर्व सभासदांना आमचे आवाहन आहे की, पुढील ग्रामसभेस आपण उपस्थित राहावे, आपल्या परिसरातील दवाखान्यांची व रिक्त पदांची यादी सोबत न्यावी आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य समितीस ती लेखी सादर करून पोच घ्यावी. दवाखाना बंद होणारच असेल, तर निदान तो का बंद होत आहे हे कोणाला तरी लिहून द्यावे लागेल, एवढी तरी जाग आपण निर्माण करू या.